गोंदियाची सहल आणि जिभेवरची भीड

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे, मनमाड, जळगाव, अकोला, वर्धा, नागपूर करीत दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोहोचते आणि तिथेच तिचा प्रवास संपतो. १३०० किलोमीटरहून अधिक अंतर ही गाडी राज्याची हद्द न ओलांडता कापते. खिडकीशी बसून फलाटावरचे बोलणे ऐकत गेले, तर मराठी किती प्रकारची असते ते कळते. कोल्हापूरचा रांगडा हेल, पुण्याची पुस्तकी मराठी, जळगावकडची अहिराणी, अकोल्याची वऱ्हाडी आणि शेवटी गोंदियाची झाडीबोली. गोंदियाच्या उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. मराठीच्या नकाशाचा हा पूर्वेकडचा काठ आहे.

या काठावर आम्ही गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांची सहल नेली. आम्ही कामठीच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बरोबर नववीची ३४ मुले-मुली होती, चार शिक्षक होते आणि घराघरांतून आलेले डबे होते. कामठीहून सकाळच्या गाडीत बसलो. कन्हान नदी ओलांडली, भंडारा रोड गेले, तुमसर गेले, तिरोडा आले. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या आणि मधूनच चमकणारे तलाव दिसू लागले.

सहलीला निघण्याआधी मुलांना एकच काम दिले होते. प्रत्येकाने वाटेत कोणाही अनोळखी माणसाला मराठीत एक प्रश्न विचारायचा आणि मिळालेले उत्तर वहीत लिहायचे. प्रश्न कोणताही चालेल, पण तो मराठीत हवा.

वहीत मराठी, ओठांना कुलूप

हे काम का दिले, ते सांगायला हवे. आमच्या मुलांना मराठी येत नाही असे नाही. पहिलीपासून ती मराठी शिकतात. नववीला 'अक्षरभारती' हे द्वितीय भाषेचे पुस्तक आहे. त्यातले धडे त्यांना समजतात, पत्रलेखन जमते, सारांश जमतो. काहींचे देवनागरी अक्षर तर असे की फळ्यावर लिहायला आम्ही त्यांनाच बोलावतो. पण तोंडी परीक्षेला उभे केले की तीच मुले जमिनीकडे पाहू लागतात. उत्तर ठाऊक असते, ओठ हलत नाहीत.

कारण विचारले तर बहुतेकजण दोन अक्षरांची नावे घेतात, 'ळ' आणि 'ण'. उर्दू लिपीत या दोन उच्चारांना स्वतंत्र अक्षर नाही. घरात 'पानी' म्हणायची सवय असते, मग शाळेत 'पाणी' म्हणताना जीभ अडखळते. आमच्या वर्गातला एक मुलगा एका भाषणस्पर्धेत लोकमान्य टिळकांवर बोलत होता. त्याच्या तोंडून 'टिलक' असा उच्चार झाला आणि समोरची मुले हसली. त्याचे भाषण चांगले होते, मुद्दे चांगले होते. पण त्या दिवसापासून तो व्यासपीठावर चढलेला नाही. वर्गात मराठीचा तास आला की तो शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. उर्दू शाळांत मराठीचा तास त्याआधीही होता. कायद्याने तास मिळतो, पुस्तक मिळते, शिक्षक मिळतो. पण तोंड उघडायची हिंमत पुस्तकाबरोबर वाटली जात नाही.

धानाच्या शहरात

गोंदिया म्हणजे तांदूळ. शहरात आणि आसपास जिकडेतिकडे तांदळाच्या गिरण्या आहेत. हिवाळ्यात धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर रांगेने दिसतात, हवेत कोंड्याचा वास असतो. पूर्वी हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके आहेत.

रेल्वेमुळे हे शहर वाढले. हावडा-मुंबई मार्गावरचे हे जंक्शन, इथून एक फाटा बालाघाट-जबलपूरकडे जातो, दुसरा नागभीड-बल्लारशाकडे. रेल्वेच्या नोकरीसाठी आणि व्यापारासाठी दूरदूरची माणसे इथे येऊन राहिली. त्यातून बाजाराची भाषा हिंदी झाली. त्यामागे इतिहासही आहे. हा सगळा मुलूख पूर्वी मध्य प्रांतात होता आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात. त्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. सरहद्द बदलली म्हणून बाजारातले बोलणे लगेच बदलत नाही.

त्यामुळे पहिल्या दिवशी बाजारात आमच्या कामाचा पार बोऱ्या वाजला. मुलांनी पोहे खाल्ले, संत्री घेतली, टोप्या घेतल्या आणि सगळा व्यवहार हिंदीत केला. घासाघीससुद्धा जोरात केली. आम्ही विचारले, "मराठी कुठे गेली?" तर एकजण म्हणाला, "सर, यहाँ तो सब हिंदी ही बोलते हैं!" बोलणे खोटे नव्हते. पण त्यातून एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ही मुले लाजाळू नाहीत. अनोळखी दुकानदाराशी पाच रुपयांसाठी ती बिनधास्त हुज्जत घालतात. त्यांची भीड माणसांची नाही, मराठीची आहे. चुकलो तर समोरचा आपल्याला काय समजेल, या विचाराची आहे.

भवभूतीच्या गावाला

जोहरची नमाज झाल्यावर आमगावला गेलो. गोंदियाहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे तालुक्याचे गाव आहे. जवळच पद्मपूर. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती याने आपल्या नाटकात विदर्भातल्या पद्मपुराचा उल्लेख आपले मूळ गाव म्हणून केला आहे आणि ते गाव म्हणजे आमगावजवळचे हेच पद्मपूर असे अनेक अभ्यासक मानतात. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचे नाव आहे. 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही त्याची तीन नाटके.

मुलांना वाटले होते, मोठा महाल असेल. समोर होते एक साधे गाव, कौलारू घरे आणि अंगणातले धानाचे पुंजणे. तिथे एका झाडाखाली बसून आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट संस्कृत नाटकांच्या रिवाजाची. त्या नाटकांत राजा आणि वरच्या दर्जाचे पुरुष संस्कृत बोलतात. बहुतेक स्त्रिया आणि नोकरचाकर प्राकृत बोलतात. म्हणजे कोणी कोणती भाषा बोलायची, हे रंगमंचावर दर्जा पाहून ठरत असे. आजची मराठी ज्या महाराष्ट्री प्राकृतातून आली असे मानतात, ती त्या प्राकृतांपैकीच एक. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा त्याच यादीत प्राकृतही होती. जी बोली एके काळी नाटकातल्या नोकराच्या तोंडी घातली जाई, तिला आज हा मान आहे. तेव्हा एखाद्या बोलीचा दर्जा कमी म्हणून ती बोलणाऱ्याची अक्कल कमी, असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये.

दुसरी गोष्ट भवभूतीची स्वतःची. त्याच्या लेखनाला नावे ठेवणारे त्याच्या काळातही होते. 'मालतीमाधव'च्या सुरुवातीला त्याने त्यांना उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा, की माझे लिहिणे या लोकांसाठी नाही. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, माझ्या स्वभावाचा कोणीतरी कधीतरी जन्माला येईलच. एवढ्या मोठ्या नाटककारालाही हसणारे भेटले होते. तो लिहायचा थांबला नाही, म्हणून आज आपण त्याचे गाव पाहायला येतो.

मुलांनी ऐकून घेतले. टिळकांवर बोलणारा तो मुलगा काही बोलला नाही, पण तिथून उठेपर्यंत तो पुढेच बसून होता.

एका आईची गोष्ट

रात्री गोंदियात मुक्काम होता. जेवणे झाल्यावर मुलींच्या खोलीत गप्पा रंगल्या. तिथे एका मुलीने आमच्यातल्या मॅडमना घरची एक गोष्ट सांगितली.

तिचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. अब्बा कामावर गेलेले, म्हणून अम्मी एकटीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मराठीत नीट विचारले, "याआधी या औषधाने काही त्रास झाला होता का?" अम्मीला प्रश्न पूर्ण समजला. उत्तरही ठाऊक होते. मागच्या वर्षी त्याच औषधाने मुलाच्या अंगावर पुरळ उठले होते. पण 'पुरळ' हा शब्द जिभेवर येईना. तो 'पुरल' की 'पुरळ', हे ठरेना. मागे रांग होती. चुकीचे बोललो तर लोक हसतील, असे वाटून तिने फक्त मान हलवली, "नाही." रात्री मुलाचे अंग लाल झाले. दुसऱ्या दिवशी अब्बा धावत गेले, औषध बदलले गेले. अल्हम्दुलिल्लाह, मूल बरे झाले. पण अम्मी त्यानंतर एकटी दवाखान्यात जात नाही.

या गोष्टीत डॉक्टरांचा काही दोष नाही. त्यांनी विचारायचे ते विचारले होते. आईला मराठी समजत होती. हिंदीत सांगितले असते तरी त्यांना कळले असते. मधे आडवा आला तो फक्त एक 'ळ'. मुलीने गोष्ट संपवली आणि विचारले, "मॅडम, अम्मीला मराठी येते असे म्हणायचे की नाही?"

त्या प्रश्नावर आम्ही चौघेही शिक्षक रात्री उशिरापर्यंत बोलत होतो.

धुऱ्यावर 'पानी'

दुसऱ्या दिवशी नवेगाव बांधला निघालो. गोरेगाव मागे टाकून कोहमाऱ्यापर्यंत आणि तिथून पुढे अर्जुनी मोरगावच्या दिशेने. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. इथल्या कोहली समाजाने शेकडो वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत बांध घालून पाणी अडवले आणि धान पिकवले. नवेगावचा मोठा तलावही कोलू पाटील कोहली यांनी बांधला असे सांगतात. भोवती सात टेकड्या आहेत, त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी याच रानात अनेक वर्षे काढली. पुस्तकी नावांवर न थांबता गावकऱ्यांकडून, आदिवासींकडून पक्ष्यांची आणि झाडांची नावे त्यांनी शिकून घेतली. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला.

वाटेत एका गावाजवळ बस थांबवली. रस्त्याच्या कडेला धानाची चुरणी चालली होती. मुले-मुली पाय मोकळे करायला उतरली आणि धुऱ्यावरून चालू लागली. एक म्हातारे शेतकरी डोक्याला गमछा बांधून उभे होते. मुलींना पाहून त्यांनी आवाज दिला, "पानी पाहिजे का, पोरीहो?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. त्यांच्या कानांनी बरोबर ऐकले होते. 'पाणी' नव्हे, 'पानी'. काल रात्री अम्मीची गोष्ट सांगणारी मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "हो काका, पानी पाहिजे." काकांनी कळशी उचलली. कोणी हसले नाही. हसण्यासारखे काही घडलेच नव्हते.

मग ती धीटपणे पुढचे विचारू लागली. "काका, हे धान कोणते? तलावाचे पानी शेतात कसे येते?" काका खुलून बोलू लागले. बोटाने दाखवत म्हणाले, "तिकडं पाहा, डोरे बारीक करून." डोळे नव्हे, डोरे. आमच्या मराठीच्या शिक्षिकेने हळूच सगळ्यांचे लक्ष त्या शब्दाकडे वेधले. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो. वऱ्हाडात त्याच डोळ्याचा 'डोया' होतो. ज्या दोन अक्षरांच्या धाकाने आमची मुले दहा वर्षे गप्प बसली, ती दोन अक्षरे या पिढीजात मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यातही नव्हती.

आणि ही गोष्ट एका माणसाची नाही. या जिल्ह्यात पोवारांच्या घरात पोवारी बोलतात. गोंडांच्या घरात गोंडी, आणि ती तर तेलुगू-कन्नडच्या कुळातली भाषा, मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. हलबांची हलबी वेगळी, सरहद्दीवरच्या गावांची छत्तीसगडी वेगळी. यांच्यापैकी कोणाचेही मूल शाळेत जाते, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याच्यासाठीही घरची भाषा नसते. आमच्या मुलांना वाटत होते, की 'ळ' चुकला म्हणजे आपण परके आहोत हे उघडे पडते. प्रत्यक्षात 'ळ' न म्हणणाऱ्यांत ती एकटी नव्हती. अर्धा जिल्हा त्यांच्या बाजूने उभा होता.

आता झाडीबोलीलाही गावंढळ म्हणून हसणारे आहेत. पण याच झाडीपट्टीत धान घरात आले की गावोगाव नाटके रंगतात, रात्रभर माणसे बसून पाहतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

काकांनी आणखी एक शब्द दिला. तलावाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "हा मामा तलाव." मुलींना वाटले, कोणाच्या मामाचा असेल. पण मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्वी हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात असत, म्हणून ते नाव. 'मालगुजारी' शब्द ऐकताच एक मुलगा म्हणाला, "ये तो अपना लफ्ज है!" खरेच आहे. 'माल' अरबी, 'गुजारी' फारसी. परतीच्या बसमध्ये मुलांनी अशा शब्दांची यादीच केली. जिल्हा, तालुका, तहसील, अर्ज, दाखला, नक्कल, तारीख, मुदत, हजर, गैरहजर, वारस, जमीन, हक्क, मंजूर, रक्कम, वसुली. तहसील कचेरीतली निम्मी मराठी त्यांच्या घरातच होती आणि तिचीच त्यांना भीती वाटत होती.

मोजपट्टी आखूड पडते

मुलीच्या त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्रातही सापडते. १९८६ साली एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की परकी भाषा बोलतानाची भीती ही वेगळी गोष्ट आहे. इतर वेळी धीट असणारा माणूसही या भीतीने गप्प होतो. कॅनडात पीटर मॅकिंटायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना आधी विचारले, तुम्हाला फ्रेंच किती येते? नंतर प्रत्यक्षात किती येते ते तपासले. घाबरणारे विद्यार्थी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी लेखत होते. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी मांडले, की दुसऱ्या भाषेत बोलायची तयारी फक्त शब्दसंग्रहावर ठरत नाही. त्या क्षणी स्वतःवर किती भरवसा आहे आणि समोरच्या माणसाशी बोलावेसे वाटते का, यावरही ती ठरते.

यातून एक चक्र तयार होते. कमी येते असे वाटते म्हणून माणूस बोलत नाही. बोलत नाही म्हणून सराव होत नाही. सराव नाही म्हणून खरेच कमी येऊ लागते. अम्मीला मराठी येत होती. तिने ती मोजायला घेतलेली पट्टी आखूड होती.

या भीतीची आपल्याला लाज वाटायला नको. कुरआनमध्ये हजरत मूसा (अलै.) यांची दुआ आहे. फिरऔनच्या दरबारात जायचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी अल्लाहकडे मागितले, की माझे काम सोपे कर आणि माझ्या जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल. भाऊ हारून (अलै.) माझ्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलतात, त्यांना माझ्या मदतीला दे, असेही त्यांनी मागितले. मदत मिळाली. पण दरबारात ते स्वतः गेले. आपल्या जागी भावाला पाठवून घरी थांबले नाहीत. आमच्या मते हा धडा प्रत्येक घराने घ्यावा. अडचण सांगावी, मदत मागावी आणि मग स्वतः जावे.

घरात काय करता येईल

आमच्या वर्गाच्या आणि पालकांच्या अनुभवातून काही साध्या गोष्टी सुचवतो.

मूल मराठीत बोलत असताना मधेच त्याचा 'ळ' दुरुस्त करू नये. त्याचे म्हणणे पूर्ण होऊ द्यावे. उच्चाराचा सराव वेगळ्या वेळी, हसतखेळत करावा. उच्चार सुधारायचा नाही असे आम्ही म्हणत नाही. पुस्तकातला 'ळ' मुलांना यायलाच हवा, पण तो येईपर्यंत तोंड बंद ठेवायची गरज नाही.

घरातले एखादे काम मराठीचे ठरवून टाकावे. दूधवाल्याशी बोलणे, एस.टी.ची चौकशी, बँकेत पासबुक भरून घेणे. रोज एक वाक्य बोलले तरी महिन्याला तीस होतात.

बापांनी आणि भावांनी बायकांच्या वतीने बोलण्याची घाई करू नये. दवाखान्यात सोबत जरूर जावे, पण आजार आईला सांगू द्यावा. मुलाच्या अंगावर काय उठले होते, ते तिनेच पाहिलेले असते. जाण्याआधी तीन वाक्ये कागदावर लिहून घेतली तर धीर येतो. शब्द अडला तर तो उर्दूत किंवा हिंदीत सांगावा, हाताने दाखवावा, पण "नाही" म्हणून मान हलवू नये.

इशानंतर दहा मिनिटे एखादा मराठी मजकूर घरात मोठ्याने वाचावा. हेच मासिक चालेल. ऐकणाऱ्यांनी हसायचे नाही, एवढी एकच अट.

आणि आमच्या मराठीभाषक शेजाऱ्यांनाही एक विनंती. तुम्ही मुशायऱ्यात येता, गझलेचा शेर म्हणता, तेव्हा 'ख' आणि 'ग' यांचे नुक्ते सुटतात. आम्ही तरीही वाह-वा म्हणतो, कारण शेर मनापासून म्हटलेला असतो. आमच्या मुलीने 'पानी' मागितले तर तिलाही तसेच ऐकून घ्या.

सहलीहून आल्यावर आम्ही वह्या तपासल्या. पहिल्या दिवशी सगळी पाने कोरी होती. दुसऱ्या दिवसअखेर ३४ पैकी २६ वह्यांत प्रश्न आणि उत्तर होते. काहींनी झाडीबोलीतले शब्द जसेच्या तसे लिहिले होते, ते आम्ही लाल पेनाने खोडले नाहीत. टिळकांवर बोलणाऱ्या मुलाने तलावावरच्या नावाड्याला विचारले होते, "हे पक्षी कुठून येतात?" आणि खाली उत्तर लिहिले होते, "दूरून. थंडी संपली की परत जातात."

आठ वह्या कोऱ्या राहिल्या. त्या मुलांना आम्ही काही बोललो नाही. जानेवारीत शाळेच्या शेजारच्या पोस्टात त्यांना एकेक करून न्यायचे ठरवले आहे. पाकिटावरचे तिकीट मराठीत मागायचे. आम्ही दाराशी उभे राहू, बोलायचे त्यांनी.